श्रोत्यांच्या हाती चर्चा : पॉडकास्टकारांच्या मेळाव्यांतील एक पद्धत

परिषद म्हटली की एक ठरावीक चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. एका बाजूस व्यासपीठ, त्यावर हारतुरे आणि पाण्याचे पेले. दुसऱ्या बाजूस रांगांनी बसलेले श्रोते. स्वागत, प्रास्ताविक, प्रमुख पाहुण्यांचे भाषण, तज्ज्ञांचे निबंधवाचन आणि आभारप्रदर्शन असा क्रम ठरलेला असतो. प्रश्नोत्तरांसाठी दहा मिनिटे राखून ठेवल्याचे कार्यक्रमपत्रिकेत छापलेले असले, तरी ती वेळ येईपर्यंत बहुधा जेवणाची हाक आलेली असते. खरी उपयुक्त बोलणी मग पंगतीत, व्हरांड्यात किंवा परतीच्या एस. टी.त होतात.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेत गेल्या शतकाच्या अखेरीस आणि या शतकाच्या आरंभी काही मंडळींनी या व्हरांड्यातील बोलण्यालाच सभागृहात आणून बसविण्याचा प्रयत्न केला. विषय श्रोत्यांनी सुचवावेत, बोलणेही श्रोत्यांनीच करावे आणि व्यासपीठ शक्य तो काढून टाकावे, अशी ही पद्धत आहे. पॉडकास्ट तयार करणाऱ्यांच्या मेळाव्यांत ती विशेष रुजली. तेथेच ती का रुजली आणि ती चालविताना कोणत्या अडचणी येतात, हे समजून घेण्याजोगे आहे. कारण ग्रामसभेपासून शिक्षक संमेलनापर्यंत आपल्याही अनेक सभांना हाच प्रश्न पडलेला असतो.

प्रथम पॉडकास्टविषयी थोडेसे. पॉडकास्ट हा आकाशवाणीच्या कार्यक्रमासारखाच ऐकण्याचा कार्यक्रम होय. मात्र तो ठरावीक वेळी प्रक्षेपित होत नाही. कार्यक्रमाच्या भागांची एक यादी इंटरनेटवर ठेवलेली असते. नवा भाग तयार झाला की यादीत एक नोंद वाढते. श्रोत्याच्या मोबाईलमधील यंत्रणा ती यादी वेळोवेळी पाहते आणि नवा भाग उतरवून घेते. श्रोता तो सवडीने ऐकतो. यादी लिहिण्याच्या या रीतीस आरएसएस म्हणतात. तीत ध्वनिमुद्रण जोडून देण्याची सोय डेव्ह वायनर या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने २००० सालाच्या अखेरीस केली. त्यासाठी परवाना, मनोरा किंवा मोठे भांडवल लागत नसल्यामुळे शिक्षक, शेतकरी, गृहिणी, निवृत्त कर्मचारी असे कोणीही कार्यक्रम सुरू करू शकतात. ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द ‘द गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्रातील बेन हॅमर्स्ली यांच्या लेखात फेब्रुवारी २००४ मध्ये प्रथम आला, असे मानले जाते.

या व्यवसायात एक विचित्र एकटेपण आहे. नाटकवाल्यास प्रेक्षक दिसतात, कीर्तनकारास समोरच्यांच्या माना डोलताना दिसतात. पॉडकास्टकार मात्र बंद खोलीत ध्वनिग्राहकासमोर बोलतो. किती जणांनी ऐकले याचा एक आकडा त्याला मिळतो. कोणी ऐकले, कोठे कंटाळून थांबविले, हे त्यास सहसा कळत नाही. त्याचे सहव्यावसायिकही गावोगाव विखुरलेले असतात. त्यामुळे वर्षातून एकदा हे लोक एकत्र येतात तेव्हा त्यांना भाषण ऐकण्याची भूक नसते. भाषणे तर ते वर्षभर कानांनी ऐकतच असतात. आपल्यासारख्याच दुसऱ्याने हीच अडचण कशी सोडविली, हे त्यांना जाणून घ्यावयाचे असते.

योगायोग असा की, पॉडकास्टचे बालपणही श्रोत्यांनी चालविलेल्या परिषदांच्या संगतीतच गेले. ऑक्टोबर २००३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात वायनर यांच्या पुढाकाराने ‘ब्लॉगरकॉन’ नावाची परिषद भरली. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवर लिहिलेली जाहीर रोजनिशी. ती लिहिणाऱ्यांची ही परिषद होती. आरएसएसच्या यादीतून ध्वनिमुद्रण उतरवून ते खिशातील आयपॉड यंत्रात आपोआप भरण्याचे प्रात्यक्षिक केव्हिन मार्क्स यांनी याच परिषदेत करून दाखविले. पुढे नोव्हेंबर २००४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात तिसरी ब्लॉगरकॉन झाली, तेव्हा पॉडकास्टिंगवर स्वतंत्र सत्र ठेवण्यात आले आणि ते ॲडम करी यांनी चालविले. करी हे दूरचित्रवाणीवरील पूर्वाश्रमीचे निवेदक व पॉडकास्टच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होत. ते वक्ते म्हणून नव्हे, तर चर्चाचालक म्हणून उभे होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

ब्लॉगरकॉनच्या मालिकेत जी पद्धत आकारास आली तिचे सूत्र साधे होते. व्यासपीठावरील चार जणांपेक्षा समोर बसलेल्या दीडशे जणांचे एकत्रित ज्ञान अधिक असते. म्हणून समोरच्यांनाच बोलते करावे. तज्ज्ञांचे मंडळ नाही, पडद्यावरची चित्रे नाहीत, कोणत्याही कंपनीच्या मालाची भलावण नाही. प्रत्येक सत्राला एक चर्चाचालक असे. वायनर यांच्या कल्पनेनुसार त्याने बातमीदाराप्रमाणे वागावयाचे होते. बातमीदार जसा दहा जणांना विचारून एक वृत्तांत जुळवितो, तसा त्याने सभागृहातील माणसांना विचारीत जाऊन विषयाचा वृत्तांत सर्वांसमक्ष जुळवावा. लांबण लावणाऱ्यास थांबविण्याचा आणि गप्प बसलेल्यास नाव घेऊन विचारण्याचा अधिकार त्याला होता. म्हणजे येथे सूत्रचालन ढिले नव्हते. उलट नेहमीच्या अध्यक्षापेक्षा त्याला अधिक जागरूक राहावे लागे. श्रोत्यांच्या हाती चर्चा देणे म्हणजे ती वाऱ्यावर सोडणे, असा समज पुष्कळांचा होतो, तो बरोबर नाही.

ब्लॉगरकॉनमध्ये विषय मात्र आधी जाहीर होत. विषयही जागच्या जागी ठरविण्याची पद्धत त्याहून जुनी आहे व तिचे श्रेय हॅरिसन ओवेन यांना दिले जाते. ओवेन यांनी १९८३ साली एक आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. वर्षभर खपून केलेल्या त्या परिषदेत लोकांना सर्वांत काय आवडले, तर मधली चहापानाची सुट्टी! त्यापूर्वी पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात असताना त्यांनी बालामा नावाच्या खेड्यात मुलांच्या दीक्षेचा चार दिवसांचा उत्सव पाहिला होता. त्यासाठी कोणतीही समिती नव्हती, तरी सारे सुरळीत पार पडले होते. या दोन अनुभवांची सांगड घालून त्यांनी १९८५ साली कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे निराळ्या धर्तीची बैठक घेतली. सर्वांनी वर्तुळात बसावयाचे. ज्याला जो विषय जिव्हाळ्याचा वाटतो त्याने तो कागदावर लिहून, उभे राहून वाचून दाखवावयाचा आणि भिंतीवर लावावयाचा. मग भिंतीवरच्या चिठ्ठ्यांवरून वेळ व जागा ठरवून जो तो आपल्या आवडीच्या गटात जाऊन बसावयाचा. या रीतीस ‘ओपन स्पेस’ असे नाव मिळाले. तिच्यातील ‘दोन पायांचा नियम’ प्रसिद्ध आहे: ज्या गटात आपण शिकत नाही आणि काही देतही नाही, तेथून उठून दुसरीकडे जावे, त्यात कोणाचाही अपमान नाही.

हा नियम ऐकावयास सोपा वाटतो. वरिष्ठ अधिकारी बोलत असताना कनिष्ठाने उठून जाणे कितपत शक्य आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हे सर्व आपल्याकडे गावच्या पारावर पूर्वीपासूनच होते, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. तो आवरलेला बरा. पारावर मोकळ्या गप्पा होत हे खरे. परंतु तेथे कोणी बसावे, कोणी उभे राहावे आणि कोणी पारापासून दूर राहावे, हे जात, जमीन आणि वय यांवरून ठरत असे. स्त्रियांना तर तेथे जागाच नव्हती. वर्तुळ आखल्याने समता आपोआप येत नाही, एवढे या तुलनेवरून दिसते.

अमेरिकेतील संगणक क्षेत्रात हीच कल्पना ऑगस्ट २००५ मध्ये ‘बारकॅम्प’ या नावाने पुढे आली. एका प्रकाशन संस्थेचे निमंत्रितांसाठीचे शिबिर आधीपासून भरत असे. ज्यांना निमंत्रण नव्हते अशा मंडळींनी आठवडाभराच्या तयारीत पालो आल्टो येथील एका कंपनीच्या कचेरीत आपले खुले शिबिर भरविले. येथे प्रेक्षक कोणी नाही, सर्व सहभागी, असा त्यांचा दंडक होता. २००६ साली दिल्ली, बंगळूर, पुणे अशा भारतीय शहरांतही बारकॅम्प भरू लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये क्रिस ब्रोगन आणि ख्रिस्तोफर पेन यांनी बोस्टन येथील बंकर हिल कम्युनिटी कॉलेजात खास पॉडकास्टकारांसाठी पहिला ‘पॉडकॅम्प’ घेतला. त्यात दोन पायांचा नियम मान्य करण्यात आला होता आणि आरंभी प्रवेशशुल्क न घेण्याचे धोरण होते. पुढे टोरांटो, पिट्सबर्ग, न्यूयॉर्क अशा अनेक शहरांत स्थानिक लोकांनी आपापले पॉडकॅम्प भरविले.

दरम्यान पॉडकास्टचा धंदा वाढत होता. नोव्हेंबर २००५ मध्येच कॅलिफोर्नियातील ऑन्टारिओ या गावी पॉडकास्ट व्यवसायाचे प्रदर्शन व परिषद भरली होती. २०१४ साली डॅलस येथे ‘पॉडकास्ट मूव्हमेंट’ ही परिषद सुरू झाली. तिच्यासाठी आरंभीचा पैसा इंटरनेटवरील लोकवर्गणीतून उभारण्यात आला होता. अशा मेळाव्यांत जाहिरात संस्था, ध्वनिमुद्रणे साठवून देणाऱ्या कंपन्या, यंत्रे विकणारे असे सर्व येतात. त्यांची दुकाने मांडलेली असतात आणि व्यासपीठावरील सत्रांनाही कित्येकदा पुरस्कर्ते असतात. त्यात वावगे काही नाही. सभागृहाचे भाडे कोणीतरी द्यावयासच हवे. पण ज्याने पैसा दिला त्याचा विषय व्यासपीठावर येतो आणि ज्याने गाठीचे भाडे खर्चून दूरचा प्रवास केला त्याचा विषय राहून जातो. श्रोत्यांनी चालविलेली सत्रे अशा मेळाव्यात ठेवण्याचे खरे प्रयोजन हे आहे. तीन दिवसांच्या कार्यक्रमात निदान काही तास तरी विषय निवडण्याचा अधिकार विकला जाऊ नये, असा तो आग्रह आहे.

असा तास कसा चालतो हे एका उदाहरणाने पाहू. समजा, “माझे श्रोते अचानक घटले, चूक कोठे झाली?” असा प्रश्न एका पॉडकास्टकाराने चिठ्ठीवर लिहिला. व्यासपीठावरच्या तज्ज्ञाने त्यावर कार्यक्रम अधिक रंजक करा, नेमाने करा, असा उपदेश केला असता. गटात बसलेल्या वीस जणांना मात्र चर्चाचालक एवढेच विचारतो, “आणखी कोणाचे घटले? कोणत्या महिन्यात?” पंधरा हात वर होतात आणि महिना एकच निघतो. आता प्रश्न एकाच्या गुणवत्तेचा राहत नाही. कारण मोजणीत आहे, हे सर्वांच्या ध्यानात येते.

हे उदाहरण कल्पित असले तरी त्यामागील वस्तुस्थिती खरी आहे. पॉडकास्टचा आकडा म्हणजे ऐकणाऱ्यांची संख्या नव्हे. ती उतरवून घेतलेल्या भागांची संख्या असते. जाहिरात व्यवसायातील इंटरॅक्टिव्ह ॲडव्हर्टायझिंग ब्युरो या संस्थेच्या तांत्रिक शाखेने डिसेंबर २०१७ मध्ये मोजणीचे जे नियम सुधारून दिले, त्यांनुसार एकाच ठिकाणाहून चोवीस तासांत आलेल्या त्याच त्या मागण्या एकच धरावयाच्या आणि एक मिनिटाच्या ऐकण्याइतकाही भाग उतरला नसेल तर तो मोजावयाचाच नाही. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या मोबाईलवरील यंत्रणेत बदल केला. दीर्घ काळाने परतलेल्या श्रोत्यासाठी मधले सर्व जुने भाग आपोआप उतरविण्याची चाल तिने बंद केली. त्यामुळे अनेक कार्यक्रमांचे आकडे उतरले. प्रत्यक्ष ऐकणारे मात्र तेवढेच होते. जाहिरातीचे उत्पन्न हजार उतरणीमागे ठरत असल्याने हा फरक कागदावरचा राहिला नाही. लहान पॉडकास्टकाराने असा फटका एकट्याने सोसला, तर तो बहुधा स्वतःलाच दोष देऊन कार्यक्रम बंद करतो. वीस जणांनी आपापले आकडे एकत्र मांडले, तर त्यास वेळीच समजते की, आपले श्रोते कोठेही गेलेले नाहीत.

या पद्धतीचे दोषही ठळक आहेत. पहिला दोष बोलक्या माणसाचा. व्यासपीठ काढून टाकले तरी ज्याचा आवाज मोठा त्याच्याभोवती नवे व्यासपीठ तयार होते. आणि पॉडकास्टकार तर बोलण्यातच वाकबगार! दुसरा दोष विक्रेत्याचा. तो प्रश्नकर्ता म्हणून उभा राहतो आणि दुसऱ्याच वाक्यात आपल्या यंत्राची किंमत सांगू लागतो. तिसरा दोष अधिक गंभीर आहे. विषय ज्याने त्याने मांडावा म्हटले की, ज्यांना चारचौघांत उभे राहून बोलण्याचा सराव नाही, ज्यांना सभेची भाषा नीट येत नाही, त्यांचे विषय भिंतीवर येतच नाहीत. पुष्कळ ठिकाणी म्हणून चिठ्ठ्या निनावी घेतात, किंवा आरंभी शेजारच्या दोघांना पाच मिनिटे आपापसांत बोलावयास सांगतात. एका माणसाशी बोललेले वाक्य पुढे वीस जणांसमोर बोलणे सोपे जाते. चौथी उणीव नोंदीची. गट पांगला की चर्चाही पांगते. आश्चर्य असे की, ज्यांचा व्यवसायच ध्वनिमुद्रणाचा, त्यांच्या गटातही ध्वनिग्राहक पुढे ठेवला की लोक उत्पन्नाविषयी, अपयशाविषयी खरे बोलावयाचे थांबतात. अशा वेळी कागदावर लिहिणारा एक माणूस ध्वनिमुद्रणापेक्षा अधिक उपयोगी पडतो. कोण बोलले ते न लिहिता काय निघाले एवढेच त्याने लिहावे.

मराठी वाचकास या साऱ्यात एक जुनी ओळख पटण्याजोगी आहे. आज पॉडकास्टकार एकत्र बसून करतात ते काम, म्हणजे ऐकलेल्यावर गटाने बोलणे आणि त्यातून निघालेले प्रश्न कार्यक्रम करणाऱ्यांपर्यंत पोहोचविणे, पुणे आकाशवाणीच्या परिसरात १९५६ साली श्रोत्यांच्या बाजूने करून पाहण्यात आले होते. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओ-मंडळे चालत असत. त्या धर्तीवर युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावी ग्रामीण श्रोता मंडळे स्थापन झाली. बेळगाव जिल्हाही त्या वेळी मुंबई राज्यातच होता, परंतु या प्रयोगात तो नव्हता. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे असे एकूण वीस कार्यक्रम प्रसारित झाले. गावात वीसेक माणसे रेडिओभोवती बसत, कार्यक्रम संपताच त्यावर चर्चा करीत आणि मंडळाचा चिटणीस चर्चेची नोंद व प्रश्न पुणे केंद्राकडे धाडी. त्यांतील प्रश्नांची उत्तरे पुढच्या प्रसारणांत दिली जात.

प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते व ते काम पॉल न्यूराथ यांनी पाहिले. मंडळे असलेल्या गावांची तुलना नुसता रेडिओ असलेल्या आणि रेडिओही नसलेल्या गावांशी करण्यात आली. ज्या गावांत मंडळे होती तेथे विषयांची माहिती लक्षणीय वाढली होती; नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ त्या मानाने किरकोळ होती. कार्यक्रम तोच, आवाज तोच. फरक होता तो ऐकून झाल्यावर होणाऱ्या बोलण्याचा. १९५९ मध्ये ही योजना देशाच्या इतर भागांतही नेण्यात आली. प्रयोगाच्या दहा आठवड्यांत प्रत्येक मंडळाकडे जितके लक्ष पुरविले गेले, तितके हजारो मंडळांकडे पुरविणे पुढे जमले नाही, आणि मंडळे हळूहळू विरत गेली.

पुण्याच्या प्रयोगात विषय केंद्राने ठरविलेले होते, हा फरक नजरेआड करता येत नाही. शेतकऱ्यास प्रश्न विचारता येत होता. कार्यक्रमाचा विषय बदलता येत नव्हता. पॉडकॅम्पसारख्या मेळाव्यांनी उचललेले पुढचे पाऊल नेमके हेच आहे. भारतात सामुदायिक रेडिओचे धोरण नोव्हेंबर २००६ मध्ये विस्तारण्यात आले आणि स्वयंसेवी संस्थांना व कृषी विज्ञान केंद्रांना केंद्रे चालविण्याची मुभा मिळाली. त्यात किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार व्हावेत, अशी अट आहे. हा सहभाग बहुतेक ठिकाणी आवाज देण्यापुरता राहतो. विषय निवडण्याच्या बैठकीस गावकऱ्यांना बोलाविले, तर अटीचा अर्थ बदलतो.

अशी बैठक शाळेत, वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत घेता येते. त्यास खर्च जवळजवळ नाही. वीस ते तीस माणसे, गोलाकार मांडलेली बाके किंवा सतरंजी, कोऱ्या चिठ्ठ्या, सर्वांना दिसेल असे घड्याळ आणि चिठ्ठ्या लावण्यास एक मोकळी भिंत पुरे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची चिठ्ठी लिहून देण्यास एखादा विद्यार्थी बसवावा. चर्चाचालक गावातील सर्वांत मानाचा माणूस नसावा. त्याच्यासमोर लोक त्यालाच आवडेल ते बोलतात. शिक्षकांनी हे काम करताना शिकविण्याची सवय तासभर बाजूला ठेवावी लागेल, आणि ते अवघड आहे. पहिल्या बैठकीत चिठ्ठ्या थोड्याच येतील, त्यातही पाणी, रस्ता व वीज यांच्याच अधिक असतील. त्या परत करू नयेत. भिंतीवर लावून घ्याव्यात. दुसऱ्या बैठकीच्या आरंभी मागची नोंद वाचून दाखविली आणि कोणत्या चिठ्ठीचे काय झाले हे सांगितले, म्हणजे तिसऱ्या बैठकीस निराळ्या चिठ्ठ्या येऊ लागतात.